एकच पिस्टन झिजला असेल तर तीनही बदलावेत का?

प्रश्न
माझ्या प्रेशर वॉशरला तीन सिरॅमिक पिस्टनांचा, क्रँकवर चालणारा पंप आहे. पंपाच्या खालून पाणी ठिबकू लागले म्हणून पाण्याचे सील बदलले, परंतु थोड्याच वापरानंतर गळती पुन्हा सुरू झाली. मॅनिफोल्ड (पंपाचा पाणी वाहणारा पुढचा भाग) उतरवल्यावर मधल्या पिस्टनवर लांबीच्या दिशेने एक चरा दिसला. त्यावरून आडवे नख फिरवले की ते अडकते. बाकीचे दोन गुळगुळीत आहेत. एकच पिस्टन बदलणे पुरेसे ठरेल का, आणि तो काढताना कोणती काळजी घ्यावी?

उत्तर 1
नख अडकत असेल तर तो पिस्टन बादच समजावा. पिस्टनच्या प्रत्येक फेरीला तो चरा सीलची कड खरवडत राहतो, त्यामुळे नवे सीलही टिकत नाही. मधले सील पुन्हा नवे घालावेच लागेल. गुळगुळीत पिस्टन बदलण्याची गरज मला वाटत नाही.

खरी काळजी बोल्टची घ्यायची असते. सिरॅमिकची नळी आतल्या दांड्यावर बोल्टने आवळलेली असते आणि बोल्टखाली बहुतेक पंपांत तांब्याचा वॉशर व जवळच एक ओ-रिंग (गोल रबरी कडी) असते. ही जोडणी नीट बसली नाही तर पाणी नळीच्या आतून मागे झिरपते, आणि आपण मात्र सीललाच दोष देत बसतो. त्यामुळे वॉशर व ओ-रिंग नवी घालावी, आट्यांवरचा जुना सीलंट पूर्ण खरवडून काढावा आणि बोल्ट टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), त्या पंपाच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळावा. अंदाजाने जोर लावल्यास सिरॅमिक तडकते, कारण ते कठीण असले तरी ठिसूळ असते.

उत्तर 2
वरील सल्ल्याशी सहमत आहे, मात्र उरलेले दोन पिस्टन तिरप्या उजेडात एकदा फिरवून पाहावेत. ट्रिगर सोडून यंत्र बराच वेळ चालू ठेवले की तेच पाणी पंपात फिरून तापते, आणि त्यावर अचानक गार पाणी आले की सिरॅमिकला केसाएवढे तडे जातात. ते नखाला कळत नाहीत. चरा पडण्यामागे मात्र बहुधा पाण्यातली बारीक वाळू असते, तेव्हा पाणी आत येते तिथली जाळी फाटली आहे का तेही तपासावे. पंपातल्या तेलाचा रंग कसा आहे?

प्रश्नकर्ता
तेल दुधाळ झाले आहे.

उत्तर 1
म्हणजे पाणी क्रँककेसपर्यंत (क्रँक आणि तेल असलेल्या भागापर्यंत) पोहोचले आहे. पिस्टनच्या मागचे तेलाचे सीलही बदलावे, तेल पूर्ण काढून नवे भरावे, आणि यंत्र थोडे चालवून पंपावरच्या तेल दिसण्याच्या काचेतून रंग पाहावा. पुन्हा दुधाळ दिसल्यास तेही काढून टाकावे. मॅनिफोल्ड बसवताना सील व पिस्टनला तेलाचा हात लावावा, मॅनिफोल्ड वाकडा न होऊ देता सरळ आत सरकवावा आणि त्याचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळत न्यावेत.