अनुभव धागा: चौदा नंबरचा केन अँडरसन

नमस्कार मंडळी. परवा जेवताना नातवाने विचारलं, "आजोबा, जो बरोच्या आधी बेंगॉल्सकडे कोण होतं?" मी म्हटलं, "केन अँडरसन." तो म्हणाला, "कोण?" अंगात बेंगॉल्सची जर्सी, घर सिनसिनाटीत, आणि प्रश्न हा. मला फार लागलं ते. म्हणून हा धागा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बेंगॉल्स हा सिनसिनाटीचा अमेरिकन फूटबॉल संघ, आणि अँडरसन त्याचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू. बरोची जागाही तीच. अँडरसन इलिनॉयमधल्या बटेव्हिया गावचा. ऑगस्टाना नावाच्या लहानशा कॉलेजात खेळला. १९७१ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत बेंगॉल्सने त्याला तिसऱ्या फेरीत घेतलं आणि १९८६ पर्यंत, तब्बल सोळा हंगाम, तो याच एका संघाचा राहिला. ३२,८३८ यार्डांचे पास, त्यातून १९७ टचडाउन, म्हणजे चेंडू गोल लाइनपलीकडे पोचवून केलेले गुण. पासर रेटिंगमध्ये, म्हणजे पास किती चांगले टाकले याच्या मोजमापात, १९७४, १९७५, १९८१ आणि १९८२ अशा चार वर्षी अख्ख्या लीगमध्ये पहिला. १९८१ चा सर्वोत्तम खेळाडू. एवढं असून ओहायोतल्याच कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीत, तो नाही. १९९६ आणि १९९८ साली अंतिम यादीत नाव आलं, तरी दार उघडलं नाही.

त्याला मैदानात पाहिलं असेल, रेडिओवर ऐकलं असेल, आईवडिलांकडून ऐकलं असेल, तर लिहा. आकडे कुठेही मिळतील, मला तुमचे रविवार हवेत.

सुरुवात माझ्यापासून. मी १९७३ साली पुण्याहून आलो, विमानाच्या इंजिनांच्या ड्रॉइंगचं काम. ३ नोव्हेंबर १९७४ ला ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे जादा तिकीट होतं, म्हणून रिव्हरफ्रंट स्टेडियमवर गेलो. समोर पिट्सबर्ग स्टीलर्स, त्या वर्षी पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणारा संघ. मला नियम येत नव्हते. मनातल्या मनात कबड्डीचं गणित लावत होतो. सहकारी कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पेन्सिलीने अँडरसनचा प्रत्येक पास टिपत होता: झेल घेतला तर ठिपका, चुकला तर फुली. अर्ध्यावर त्याने पेन्सिल माझ्या हातात दिली. लहानपणी मैदानावर स्कोअर लिहिलेला, हात लगेच बसला. सामना संपला तेव्हा कागदावर वीस ठिपके होते आणि फुल्या दोन. २२ पैकी २०. एका सामन्यातल्या अचूकतेचा तो तेव्हाचा विक्रम होता हे मला दुसऱ्या दिवशी पेपरात कळलं. आपण १७-१० जिंकलो. "आपण" हा शब्द मी अमेरिकेत त्या संध्याकाळी पहिल्यांदा वापरला.

डेटनहून, ऐंशी ओलांडलेला एक वाचक

अहो धागाकर्ते, तुम्ही स्टेडियमच्या आत होतात, भाग्यवान. आमच्या नशिबी ब्लॅकआउट. सामन्याच्या ७२ तास आधी सगळी तिकिटं संपली नाहीत, तर घरचा सामना त्या भागात टीव्हीवर दाखवत नसत. मग आम्ही दोघं भाऊ पहाटे उठून कोलंबसच्या मेव्हण्याकडे गाडी हाकायचो. बायका पोळीभाजीचा डबा द्यायच्या. मेव्हणा क्लीव्हलंड ब्राउन्स संघाचा चाहता, तरी अँडरसनचा पास पडला की तोही "वा!" म्हणायचा. झेल घेणारा आयझॅक कर्टिस डाव्या बाजूने सुटला की चेंडू त्याच्या आधीच तिथे पोचलेला असे. कर्टिसला वळून शोधावं लागत नसे.

इंडियानापोलिसहून, जन्म सिनसिनाटीचा

माझी आठवण सुखाची नाही, पण लिहायलाच हवी. सप्टेंबर १९८१, हंगामाचा पहिलाच सामना, सिएटलविरुद्ध. मी नऊ वर्षांचा. त्याच वर्षी हेल्मेटवर वाघाचे पट्टे आले होते. त्याआधी नुसतं केशरी हेल्मेट आणि त्यावर संघाचं नाव असायचं. मी आणि बाबा वरच्या मजल्यावर. बघता बघता आपण २१-० मागे. अँडरसनचे दोन पास त्यांनी उचलले आणि स्टेडियमने त्याची हुर्यो उडवली. हजारो मोठी माणसं एका माणसावर ओरडताहेत, असं मी आयुष्यात प्रथमच पाहिलं. प्रशिक्षक फॉरेस्ट ग्रेगने त्याला बाहेर बसवलं, तिसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक टर्क शोनर्ट आत आला, आणि आपण २७-२१ जिंकलो! सगळे नाचत होते. मी मात्र रेषेबाहेर हेल्मेट हातात धरून उभ्या असलेल्या चौदा नंबरकडे बघत होतो. आपला टचडाउन झाला की तो पुढे होऊन टाळ्या वाजवायचा.

पुढच्या आठवड्यात ग्रेगने पुन्हा त्यालाच उतरवलं. त्या हंगामात त्याने २९ टचडाउन पास टाकले, विरोधकांनी उचलले फक्त १०, आणि संघाला पहिल्या सुपर बोलपर्यंत नेलं. हुर्यो उडवणाऱ्यांतलेच लोक जानेवारीत त्याचं नाव घेऊन गात होते. माझ्या मनातून तो सप्टेंबर गेला नाही.

सिनसिनाटीहून, निवृत्त परिचारिका

जानेवारीचं मी सांगते. १० जानेवारी १९८२, सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध, ज्याला लोक फ्रीझर बोल म्हणतात. तापमान शून्याखाली ९ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे २३. वारा धरला तर तेव्हाच्या मोजणीप्रमाणे उणे ५९ फॅरनहाइट. ह्यांनी तिकिटं काढून ठेवलेली. सासूबाई तेव्हा साताऱ्याहून आलेल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खेळ बघायला जायचं की जीव द्यायला?" पण त्यांनीच मग ट्रंकेतून दोन माकडटोप्या काढल्या. पायात मोजे, मोज्यांवर ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या, त्यावर परत मोजे, मग बूट. ब्रेडच्या पिशव्यांची युक्ती शेजारच्या बाईंनी शिकवली होती.

नदीवरून वारा यायचा तो थेट हाडात. थर्मासमधल्या चहाचा कप झाकणातून ओतेपर्यंत कोमट, आणि दोन घोट घेईपर्यंत कडेला बर्फाची पापडी. मी पापणी मिटली की चिकटायची. आणि समोर आपल्या संघातले आघाडीचे धिप्पाड गडी उघड्या दंडांनी उभे! समोरच्या संघाला दाखवायला की आम्हाला काही वाटत नाही.

चेंडू त्या थंडीत दगडासारखा झाला असणार. चार्जर्सचा डॅन फाउट्स त्या हंगामात लीगमध्ये सगळ्यात जास्त यार्डांचे पास टाकणारा, त्याचे पास वाऱ्यात कुठेही भरकटत होते. अँडरसनने जवळ जवळ टाकले. पाच यार्ड, सात यार्ड, झेलणाऱ्याच्या छातीवर. मी नोकरीत अशा माणसांबरोबर काम केलंय, जी धावपळीच्या रात्री आवाज चढवत नाहीत, एकेक गोष्ट हातावेगळी करत जातात. हा तसाच होता. २२ पैकी १४ पास, दोन टचडाउन, २७-७ आपण जिंकलो. घरी आलो तर सासूबाई रेडिओजवळ बसलेल्या. इंग्रजी कळत नव्हतं, पण विचारलं, "तो अंदरसन जिंकला ना?" शेवटपर्यंत त्या त्याला अंदरसनच म्हणायच्या.

सॅन होजेहून, फोर्टीनायनर्सवाला

मी समोरच्या बाजूचा, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचा, तरी लिहितोय. २४ जानेवारी १९८२, मिशिगनचं पाँटिॲक, तोच सुपर बोल. मध्यंतराला आम्ही २०-० पुढे, आम्हाला वाटलं संपलं. मग अँडरसनने स्वतः पळत टचडाउन केला आणि आमची बोलती बंद झाली. पुढे त्यांना गोल लाइनपासून तीन यार्डांवर चार संधी मिळाल्या. चौथ्या वेळी पीट जॉन्सनला आमच्या पोरांनी यार्डभर अलीकडे रोखलं. तेवढा एक यार्ड! २६-२१. अँडरसनचे ३४ पैकी २५ पास, ३०० यार्ड. पूर्ण झालेल्या पासांचा आणि अचूकतेचा, दोन्ही सुपर बोलचे तेव्हाचे विक्रम, आणि ते हरलेल्या माणसाच्या नावावर.

आणि मुख्य गोष्ट, जी आमच्याकडे कोणी बोलत नाही. आमचा प्रशिक्षक बिल वॉल्श ज्या खेळपद्धतीसाठी देव मानला जातो, जिला जग "वेस्ट कोस्ट" म्हणतं, ती त्याने सिनसिनाटीत बेंगॉल्सचा संस्थापक आणि प्रशिक्षक पॉल ब्राउनच्या हाताखाली घडवली. छोटे, वेळेवरचे पास, झेलणारा वळेपर्यंत चेंडू हातात. सुरुवात आधीचा क्वार्टरबॅक व्हर्जिल कार्टरपासून झाली, पण तिला आकार आला तो वॉल्शने अँडरसनला घडवताना, १९७५ पर्यंत. नदी ओहायोची आणि नाव पॅसिफिकचं. आमच्या क्वार्टरबॅकला, जो मोंटॅनाला, मी जन्मभर मानलं, पण त्याच्या आधी ही वाट ज्याने चालून दाखवली त्याच्याच विरुद्ध आम्ही तो पहिला सुपर बोल जिंकलो, हे मला विसरता येत नाही.

न्यू जर्सीहून, मूळचा दादरचा

मी अमेरिकेत आलो २००३ मध्ये. अँडरसनला खेळताना कधीच पाहिलं नाही. पण धागा वाचताना सारखे पद्माकर शिवलकर आठवले. ५८९ प्रथम श्रेणी बळी, आणि कसोटी एकही नाही, कारण समोर बेदी. आमच्या शिवाजी पार्कवर त्यांचा विषय निघाला की माणसं अजून हळहळतात. अँडरसनची जखम त्याच जातीची दिसते. १९८२ साली त्याचे ७०.६ टक्के पास पूर्ण झाले, तो हंगामाचा विक्रम २००९ पर्यंत टिकला, मग ड्रू ब्रीझने मोडला. सत्तावीस वर्षं! एवढी वर्षं कोणाच्या हाती न लागलेला माणूस दाराबाहेर कसा?

नॉर्दर्न केंटकीहून

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे, आता तिशीत. शाळा संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न ज्यांच्या घरात आहे त्यांनाच तो कळतो. अँडरसन आणि त्याच्या पत्नीने अशाच मोठ्या झालेल्या मुलांसाठी, त्यांचं राहणं, काम आणि विरंगुळा यांसाठी संस्था काढली, हे किती जणांना ठाऊक आहे? खेळत असतानाच त्याने इथल्याच कॉलेजातून वकिलीची पदवीही घेतली होती. मला फूटबॉल कळत नाही. मी त्याला एवढ्यासाठी ओळखते.

धागा काढणारा, पुन्हा

ताई, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

एक राहिलंच. ३० सप्टेंबर २०२१, गुरुवारची रात्र, जॅक्सनव्हिलविरुद्ध. बेंगॉल्सने प्रथमच रिंग ऑफ ऑनर, म्हणजे संघाच्या मानकऱ्यांची यादी, सुरू केली आणि पहिल्या चौघांत पॉल ब्राउन, अँथनी मुन्योझ, केन रायली आणि अँडरसन. ब्राउन आणि रायली हयात नव्हते. मध्यंतराला अँडरसन मैदानावर आला. ज्या रिव्हरफ्रंटवर मी ठिपके काढले होते ते २००२ मध्येच पाडलं गेलं होतं, हे नवं मैदान त्याच्या शेजारचं. कार्यक्रमपत्रिकेचा तो जुना कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात नेला होता. पेन्सिल पुसट झालीय, पण ठिपके मोजता येतात.

नातवाला काल तो कागद दाखवला. त्याने एकेक ठिपक्यावर बोट ठेवत मोजले, वीस भरले, आणि मग दोन फुल्यांपाशी थांबून म्हणाला, "आजोबा, हे दोन कोणी सोडले?"

कोणाला आठवत असेल तर सांगा. मला नावं आठवत नाहीत.