ब्रुएगेलचं ‘चित्रकार आणि ग्राहक’ उतरवताना पेन आणि शाई कोणती?

रेघोटी_दादर: थोरल्या पीटर ब्रुएगेलचं हे रेखाचित्र (१५६५ च्या सुमाराचं, व्हिएन्नाचं आल्बर्टिना संग्रहालय) अभ्यासासाठी उतरवायचं आहे. पुढे जाड कुंचला धरून रोखून बघणारा चित्रकार, मागे चष्मेवाला गिऱ्हाईक, त्याचा हात बटव्यात. बोरूने भुवया आणि दाढी जमत नाही, रेघ बोथट येते. तयार तपकिरी शाई पातळ केली की कागदात फुटते. काय वापरू? आणि हा चित्रकार ब्रुएगेल स्वतःच का?

टाक_आणि_दौत: बोरू बाजूला ठेवा. ही रेघ पिसाच्या लेखणीची आहे, दाब वाढला की फुगते, सोडला की केसासारखी होते. बदकाचं किंवा टर्कीचं पंखातलं लांब पीस घ्या. उजव्या हाताने काढत असाल तर डाव्या पंखातलं, म्हणजे त्याचा बाक डोळ्यांआड येत नाही. रात्रभर पाण्यात भिजवा, मग गरम वाळूत खुपसा. दुधी नळी पारदर्शक आणि टणक झाली की लगेच काढा. कच्चं राहिलं तर टोक दोन ओळींत फाकतं. जास्त तापलं तर चीर देताना तडा थेट वर जातो. शाई फुटते ती बहुतेक कागदामुळे. कापसाचा हातकागद घ्या, पण जिलेटिनची खळ दिलेलाच. मुंबईच्या पावसाळ्यात खळ नसलेला कागद टिपकागदच होतो.

मायफळ_गिरगाव: शाईबद्दल. आज दिसणारा तपकिरी रंग बघून शाई ठरवू नका. मायफळ (ओकच्या झाडावर किड्यामुळे येणारी गाठ) आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची शाई काळी होते आणि काळाने तपकिरी पडते. लाकडाच्या काजळीपासूनची बिस्टर शाई मुळातच तपकिरी असते. नुसत्या डोळ्याने खात्रीचा फरक कळत नाही. सरावाला मायफळाची शाई उत्तम, कारण ती पिसातून एकसारखी उतरते.

मायफळ ३० ग्रॅम जाडसर कुटून ३०० मिली पाण्यात दोन दिवस भिजवा, स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा, फडक्याने गाळा. गार झाल्यावर हिराकस १० ग्रॅम, बाभळीचा डिंक १० ग्रॅम. बुरशी येऊ नये म्हणून दोन लवंगा. मायफळ अख्खं, छिद्र नसलेलं निवडा. छिद्र म्हणजे आतला किडा बाहेर पडला, अशा फळात टॅनिन, म्हणजे शाई काळी करणारा तुरट घटक, कमी. हिराकसाचं प्रमाण मात्र वाढवू नका. लवकर काळं व्हावं म्हणून बरेच जण दुप्पट घालतात, आणि उरलेलं लोह व आम्ल दमट हवेत कागद खात जातं. जुन्या चित्रांत दाट छायेच्या जागी कागद तडकलेला दिसतो, तो यामुळेच.

रेघोटी_दादर: हिराकस कुठे मिळेल?

मायफळ_गिरगाव: प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या दुकानांत ‘फेरस सल्फेट’ म्हणून मागा. खडे हिरवट निळे हवेत. पिवळट तांबूस भुकटी झाली असेल तर घेऊ नका. मायफळ काष्ठौषधीवाल्याकडे.

टाक_आणि_दौत: मूळ चित्र साधारण २५.५ × २१.५ सेंमी आहे. ए-४ ची रुंदी २१, त्यामुळे त्यावरचा प्रिंट आपोआप लहान होतो आणि रेघांची जाडी चुकते. ए-३ वर मूळ मापात काढून घ्या. चेहऱ्यावर आखूड, तुटक रेघा आणि ठिपके आहेत, अंगरख्यावर लांब सैल फटकारे. चेहरा आधी करा, लेखणी नुकती तासलेली असताना.

आत्मचित्राला पुरावा नाही. १५७२ मध्ये छापलेल्या कोरीव व्यक्तिचित्रातला ब्रुएगेल असा पिंजारलेला नाही. माझ्या मते हा कुणी एक माणूस नाही, कामात बुडालेला चित्रकारच इथे रेखाटलाय. तो काय रंगवतोय हे आपल्याला दिसतच नाही, म्हणून सगळा भार नजरेवर येतो. तिथली रेघ पुन्हा गिरवू नका, पहिल्या दाबात आली तीच ठेवा.