‘किल्ला’ मालिकेसारखा का दिसतोय?

पावसाळी_शेव:
नव्या 55 इंची टीव्हीवर ‘किल्ला’ आणि ‘सामना’ हे सिनेमे पाहिले. ‘किल्ला’ची एवढी स्तुती वाचली होती, पण चित्र दुपारच्या मालिकेसारखं गुळगुळीत, पाऊस तर अगदी खोटा. संवादाला आवाज 40 वर न्यायचा, समुद्र गरजला की धावत 15 वर आणायचा. ‘सामना’त निळू फुले आणि डॉ. लागू दोघंही अंगानं सुटल्यासारखे. मला ‘सामना’ जबरदस्त वाटला, ‘किल्ला’ सुमार. दोष कुणाचा?

तिसरी_घंटा:
‘किल्ला’च्या बाबतीत टीव्हीचा. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम्सचा, म्हणजे 24 स्थिर चित्रांचा. टीव्ही मधल्या फ्रेम्स स्वतःच्या मनानं रचून भरतो, म्हणून ती मालिकेची झाक येते. पावसात हे सगळ्यात वाईट दिसतं, कारण थेंबाची रेघ कुठून कुठे गेली हे टीव्हीला कळत नाही. चिनू किल्ल्यात एकटा अडकतो आणि पाऊस कोसळतो, तिथे थांबवून त्याच्या डोक्याच्या कडेला बघा, लिबलिबीत वलय दिसेल. अविनाश अरुण दिग्दर्शक आणि छायालेखक दोन्ही. या सिनेमाचं निम्मं बोलणं त्या ओल्या उजेडात आहे, तेच पुसलं तर उरणार काय?

सेटिंग > पिक्चरमध्ये जा. सोनीत ‘मोशनफ्लो’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सॅमसंगमध्ये ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा ‘पिक्चर क्लॅरिटी’. बंद करा. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं. बहुतेक जण इथे फसतात: सेटिंग त्या इनपुटपुरतंच राहतं. सेट टॉप बॉक्सवर बदललं तर टीव्हीतल्या अ‍ॅपला ते लागू होईलच असं नाही. एचडीआरचं (जास्त उजळ-गडद दाखवणाऱ्या चित्राचं) सेटिंग आणखी वेगळं.

खुर्ची_नंबर_सात:
सहमत, पण पूर्ण बंद केल्यावर कॅमेरा आडवा फिरताना चित्र अडखळलं तर घाबरू नका. 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 वेळा चित्र दाखवणाऱ्या पडद्यावर 24 फ्रेम्स सारख्या वाटता येत नाहीत. एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवावी लागते. 120 हर्ट्झचा पडदा असेल तर प्रत्येक फ्रेम बरोब्बर पाचदा, तक्रार मिटली. टीव्हीला बाहेरून लावलेली स्ट्रीमिंग स्टिक असेल तर तिच्यातलं ‘मॅच फ्रेम रेट’ (सिनेमाच्या फ्रेम्सशी जुळवून घेणारं) चालू करा. तरीही खुपलं तर ‘जडर रिडक्शन’ (हे अडखळणं कमी करणारं सेटिंग) 10 पैकी 2, त्यापुढे नको.

‘सामना’चं कारण वेगळं. जुन्या सिनेमांच्या बऱ्याच प्रती 4:3 मापाच्या असतात, तुमचा टीव्ही 16:9. ताणून भरलं की माणूस एक तृतीयांशानं रुंद होतो. ‘पिक्चर साइझ’ ‘ओरिजिनल’ किंवा 4:3 करा. 55 इंचीवर चित्र साधारण 91 सेंमी रुंद दिसायला हवं, दोन्ही बाजूंना 15-15 सेंमी काळं. खात्रीसाठी एखादं चाक किंवा घड्याळ समोरून दिसेल तिथे थांबवा आणि पट्टीनं उभं-आडवं मोजा. ‘झूम’ मात्र लावू नका, त्यात उंचीतलं पाव चित्र कापलं जातं. निळूभाऊंची कपाळावरची आठी गेली तर हिंदूराव पाटील अर्धाच उरला!

पावसाळी_शेव:
ट्रूमोशन बंद केलं, पाऊस ओला झाला :) ‘सामना’ही सडपातळ. आवाजाचं?

तिसरी_घंटा:
अ‍ॅपमध्ये 5.1 (थिएटरसारखा, सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टिरिओ (दोन स्पीकरांचा) ट्रॅक निवडा. 5.1 मध्ये संवाद मधल्या स्पीकरसाठी वेगळे ठेवलेले असतात. टीव्ही ते दोन बारक्या स्पीकरांत कोंबतो आणि संवादच दबतात. स्टिरिओ ट्रॅक नसेल तर मोठे आवाज दाबणारा ‘नाइट मोड’. संवाद उठवणारं ‘क्लिअर व्हॉइस’ शेवटचा उपाय, त्यात लाटांचा आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

खुर्ची_नंबर_सात:
आता ‘कोर्ट’ हा सिनेमा बघा. माझ्या मते ‘किल्ला’पेक्षा सरस, पण मोबाइलवर वाया जातो. कॅमेरा लांब, स्थिर. मागच्या बाकांवर कोण काय करतंय तेच बघायचं असतं. 55 इंचीला सहा-सात फुटांवर बसा, सोफा भिंतीला चिकटलेला असेल तर पुढे ओढा. ‘एनर्जी सेव्हिंग’ही बंद ठेवा. शेवटाकडे न्यायालयातले दिवे विझतात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. तिथे रिमोट उचलू नका, सिनेमा संपलेला नाही.