विषय: कोर्टाच्या कागदांतील संज्ञा व संक्षेपांसाठी ऑनलाइन संदर्भ

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार,

ठाणे तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित जमिनीचे जुने कागद काकांनी स्कॅन करून पाठवले आहेत. फेरफारात आजोबांच्या थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असे लिहिले आहे, निकालपत्रात 'रे.मु.नं.' आणि 'नि.' वारंवार येते, तर वकिलांच्या पत्रात 'एआयआर' व 'एससीसी' आहे. इकडच्या कायदाकोशांत यांतले पहिले तीन सापडत नाहीत. खात्रीचे संदर्भ कोणी सुचवू शकेल का?

– एक सभासद

---

स. न.,

मी ठाण्यात न्यायालयीन कागदांचे भाषांतर करते, म्हणून सविस्तर लिहिते. कोश उघडण्यापूर्वी कागद कोणत्या दप्तरातला आहे ते पाहावे, कारण संक्षेपाचा अर्थ त्या दप्तराच्या रूढीवर ठरतो. 'ए.कु.मॅ.' हा तलाठी दप्तरातला संक्षेप असून त्याचा अर्थ 'एकत्र कुटुंब मॅनेजर' असा आहे. म्हणजे ते नाव एकट्याच्या मालकीचे म्हणून नव्हे, तर कुटुंबाच्या वतीने लागले असल्याचे ती नोंद सुचवते. तुमच्या शाखेच्या दृष्टीने ही तीन अक्षरे अतिशय महत्त्वाची आहेत, ती भाषांतरात कृपया गाळू नका. असे संक्षेप देवनागरीतच, टिंबांसह, सोबत 'सातबारा' किंवा 'फेरफार' हा शब्द जोडून शोधावेत.

'रे.मु.नं.' म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर हाच दावा 'आर.सी.एस.', अर्थात रेग्युलर सिव्हिल सूट, या प्रकाराखाली शोधावा लागतो. 'नि.' म्हणजे निशाणी, इंग्रजीतले एक्झिबिट.

संज्ञांच्या मराठी पर्यायांसाठी भाषा संचालनालयाचा 'न्यायव्यवहार कोश' त्यांच्या शब्दकोश संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो. मात्र कोश पर्यायी शब्द देतो. कायद्याला अभिप्रेत असलेला अर्थ त्या त्या अधिनियमाच्या व्याख्या-कलमातच मिळतो. जमिनीच्या बाबतीत 'इंडिया कोड'वर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ उघडून कलम २ वाचावे.

'एआयआर' म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर आणि 'एससीसी' म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस. निर्णयसंग्रहांच्या अशा संक्षेपांसाठी कार्डिफ विद्यापीठाची विनामूल्य सूची उत्तम आहे. सर्वोच्च न्यायालयाचा मूळ निर्णय वाचायचा असल्यास २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'ई-एससीआर'वर पक्षकारांच्या नावाने शोधावे.

– ठाण्याहून एक सभासद

---

ताई,

मनःपूर्वक आभार. आजवर आम्ही सगळे ती जमीन थोरल्या आजोबांची एकट्याची समजत होतो. त्यांचे नाव ज्या फेरफाराने लागले, त्याचीही नक्कल मिळवण्यास काकांना आजच कळवले आहे. 'ए.कु.मॅ.' असलेल्या पानावरच एका मुलाच्या नावाखाली 'अ.पा.क.' दिसते, तेही याच पद्धतीचे असावे का?

---

होय, ते 'अज्ञान पालनकर्ता' आहे. तो मुलगा नोंदीच्या वेळी अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता आणि त्याच्या वतीने पालनकर्त्याचे नाव लावले गेले, असे समजावे. नक्कल आली की त्यातले पालनकर्त्याचे नाव आणि नोंदीची तारीख दोन्ही वकिलांना आवर्जून दाखवा.