मदत हवी आहे : कॅममधला डेटा घेऊन चौथ्या अ‍ॅक्सिसचं सिम्युलेशन कसं लावायचं?

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. फानुक कंट्रोलची व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन) आहे आणि आत्ताच तिच्यावर रोटरी टेबल बसवून घेतलंय, म्हणजे जॉब फिरवणारा चौथा, ए अ‍ॅक्सिस. जॉब व्हॉल्व्ह बॉडीचा, एसजी आयर्नची कास्टिंगं शिरोलीकडनं येतात, तीन बाजूंना पोर्ट आहेत. आत्तापर्यंत प्रत्येक बाजूला वेगळं सेटिंग करायचो, त्यात दोन पोर्टची एकमेकांशी काटकोनातली अचूकता कधी बसायची कधी नाही, म्हणून आता रोटरी आणि टेलस्टॉकच्या (समोरच्या टोकाला आधार देणाऱ्या ठोकळ्याच्या) मधे प्लेट धरून एकाच क्लॅम्पिंगमधे सगळं करायचं ठरवलंय. प्रोग्रॅम फ्यूजन या कॅम सॉफ्टवेअरमधे करतो, म्हणजे टूलची वाट (टूलपाथ) कॉम्प्युटरवर ठरवतो.

फ्यूजनच्या सिम्युलेशनमधे सगळं क्लीन दिसतंय, पण ते आपण बघतो ते टूलपाथचं, पोस्ट व्हायच्या (टूलपाथचा मशीनचा कोड बनायच्या) आधीचं. मशीनला जातो जी-कोड, आणि पोस्टनं त्यात घातलेलं जी२८ (होमला जाणं), जी४३ (टूलची लांबी लागू करणं), टूल चेंज, ए फिरवायच्या आधी झेड कुठवर गेला, हे त्यात कळत नाही. शिवाय शॉपवर मशीनवरच प्रोग्रॅममधे बदल होतात. सायकल टाइम वाचवायला जी९८ चं जी९९ करायची, म्हणजे होलनंतर ड्रिल पूर्ण वर न नेता जॉबच्या जरा वर, आर प्लेनपर्यंतच उचलायची पद्धत आमच्याकडं जुनीच आहे, सपाट जॉबला ती चालतीय, पण इथं शेवटच्या होलनंतर ड्रिल आर प्लेनवरच राहिला आणि पुढच्या ओळीत ए९० आलं की अख्खं कास्टिंग फिरून ड्रिलवरच येणार. मशीनपाशी पोरगं उभं असतं हो, स्पिंडलचा खर्च नंतरची गोष्ट, मला ही रिस्क घ्यायचीच नाही. म्हणून जी-कोड वाचून अख्खं मशीन हलवून दाखवणारं वेगळं सिम्युलेशन सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलंय.

त्यात अडकलोय ते असं. फिक्स्चर (जॉब धरायची प्लेट) आणि कास्टिंग दोन्ही एसटीएल (थ्रीडी आकाराची फाइल) करून आत घेतलं तर फिक्स्चर बरोबर साइजचं आलं आणि कास्टिंग त्याच्या दहावा हिस्सा, आणि तेही टेबलापासून लांब हवेत. स्केल वाढवून हातानं सरकवून बसवलं, चाललं, पण पुढं ए९० आल्यावर रोटरीचा चक फिरतो आणि जॉब जागेवरच. तिसरं म्हणजे पहिल्याच जी४३ ला होल्डर जॉबमधे घुसल्याचं दाखवतंय, एच व्हॅल्यू (टूलच्या लांबीचे ऑफसेट) कंट्रोलवरनं बघून जशाच्या तशा टाकल्यात तरी. मशीनचं मॉडेल म्हणून सॉफ्टवेअरबरोबर आलेलंच तीन अ‍ॅक्सिसचं टेम्प्लेट घेतलंय, त्यात रोटरी मी जोडला, कारण मशीनवाल्यांकडं थ्रीडी मॉडेल मागितलं तर मिळत नाही.

कॅममधनं नक्की काय काय काढायचं, कुठल्या ओरिजिनवर काढायचं, आणि मशीनवर जाऊन काय मोजायचं, हे कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा प्लीज. सातारा-सांगली-कोल्हापूर भागात कुणी चौथ्या अ‍ॅक्सिसवर असं करत असेल तर शॉपवर येऊन बघायची पण तयारी आहे.

प्रतिसाद :

दादा, दहावा हिस्सा म्हणजे सेंटीमीटर-मिलिमीटरचा घोळ, एसटीएल फाइलमधे युनिट नसतंच, नुसते आकडे असतात, वाचणारं सॉफ्टवेअर ते आपल्या समजुतीनं घेतं. २५.४ पट फरक दिसला असता तर इंच म्हटलं असतं. स्केल वाढवून काम भागवू नका, एक्सपोर्ट करतानाच मिलिमीटर निवडा. आणि हवेत दिसतंय त्याचं कारण स्टॉक (कापायच्या आधीचा जॉब), फिक्स्चर, फिनिश पार्ट हे वेगवेगळ्या ओरिजिनवरनं निघालेत. तिन्ही एकाच असेंब्लीतनं, ज्या डब्ल्यूसीएसवर (जॉबच्या शून्यावर) टूलपाथ केलाय त्याच ओरिजिनवर काढा. चौथ्या अ‍ॅक्सिसला तो ओरिजिन रोटरीच्या सेंटरलाइनवर ठेवलात तर फार सोपं जातं, ए कितीही फिरला तरी शून्य जागचं हलत नाही. मग आत घेताना तिघांनाही शून्य-शून्य-शून्य, हातानं काही सरकवायचं नाही. हातानं सरकवलेलं सिम्युलेशन मी तरी खरं धरत नाही.

आणखी एक, कास्टिंगचा स्टॉक ड्रॉइंगच्या मापाचा देऊ नका. पार्टिंग लाइनवर फ्लॅश असतो, कोअर सरकलेला असतो. सगळीकडनं ३ मिमी वाढवून द्या, नाहीतर रॅपिड (न कापता होणारी जलद चाल) कास्टिंगच्या अंगाला घासून जाईल आणि स्क्रीनवर ते मोकळं दिसेल.

प्रतिसाद :

जॉब फिरत नाही त्याचं उत्तर मशीनच्या ट्रीमधे, म्हणजे कुठला भाग कुणावर बसलाय त्या मांडणीत आहे. तुमची व्हीएमसी नेहमीच्या सी फ्रेमची असेल तर एका फांदीला बेस, मग वाय म्हणजे सॅडल, मग एक्स म्हणजे टेबल, मग ए, आणि त्याच्याखाली फिक्स्चर, त्याच्याखाली स्टॉक. दुसऱ्या फांदीला बेस, झेड, स्पिंडल, टूल. तीन अ‍ॅक्सिसच्या टेम्प्लेटमधे फिक्स्चर थेट एक्सला अडकवलेलं असतं, ते उचलून ए खाली टाका. रोटरीची बॉडी आणि टेलस्टॉक मात्र एक्सलाच राहू दे, त्या फिरत नाहीत.

ए फिरायला लागला की दिशा तपासायची. स्टँडर्डप्रमाणं प्लस म्हणजे टूल जॉबभोवती कसं फिरतं ते धरतात, त्यामुळं टेबल फिरणाऱ्या मशीनवर टेबल उलटं फिरायला पाहिजे, पण रोटरी उजवीकडं बसवलाय का डावीकडं आणि बसवणाऱ्यानं पॅरामीटर कसा टाकलाय त्यावर आहे सगळं. झेड वर घेऊन, जॉब काढून एमडीआयमधे (एक ओळ हातानं टाइप करून चालवायच्या मोडमधे) ए१०. द्या आणि डोळ्यांनी बघा. जे मशीन करतंय ते सिम्युलेशनमधे आणि पोस्टमधे आणायचं.

सेंटर मोजायला चकमधे ग्राउंड मँड्रेल धरा, स्पिंडलला डायल लावून मँड्रेलच्या दोन्ही बाजू वाय मधे एकाच रीडिंगला आणा, त्याचा मध्य म्हणजे वाय. झेडला वरनं टच करून मँड्रेलची त्रिज्या वजा करा. हेच आकडे मशीन कोऑर्डिनेटमधे मॉडेलला पण द्या. थ्रीडी मॉडेल नसलं तरी अडत नाही बघा, टेबल, रोटरी, टेलस्टॉक, स्पिंडल नोज आणि हेडचा खालचा भाग टेपनं मोजून साधे डबे काढा. फक्त टेलस्टॉक मन लावून मोजा, ठोकायची जागा तीच असते.

होल्डरचं : एच व्हॅल्यू मायनसमधे आहेत का तुमच्या? असतील तर तुम्ही टूल होमपासनं जॉबवर टच करून लांबी घेताय आणि जी५४ चा (जॉबच्या शून्याच्या ऑफसेटचा) झेड शून्य आहे. ती व्हॅल्यू टूलची लांबी नव्हे, ते अंतर आहे. सिम्युलेशन मात्र एच म्हणजे गेज लेन्थ धरून बसलंय, बीटी४० होल्डरच्या गेज लाइनपासनं (लांबी मोजायच्या ठरलेल्या रेषेपासनं) टूलच्या टोकापर्यंतची. एकतर दोन्हीकडं गेज लेन्थ घ्या आणि जी५४ झेडमधे खरा आकडा टाका, नाहीतर सॉफ्टवेअरमधे टच-ऑफची पद्धत निवडा. मी पहिलं सुचवीन, कारण तीन बाजूंना टच करत बसणं चौथ्या अ‍ॅक्सिसला परवडत नाही. आणि लायब्ररीतला होल्डर तसाच वापरू नका. तुमचा ईआर३२ चा कोलेट चक किती लांब, नटचा व्यास किती, टूल किती बाहेर, हे व्हर्नियरनं मोजून प्रोफाइल काढा.

धागाकर्ता :

लई आभार दोघांचे. एच मायनसमधेच होत्या, त्या तुम्ही सांगितल्याप्रमाणं बदलल्या. काल संध्याकाळी फिक्स्चर ए खाली घेतलं, सगळं एका ओरिजिनवरनं परत काढलं, जॉब फिरायला लागला आणि होल्डरची एरर पण गेली. मशीनवरनं परत ओढून घेतलेला प्रोग्रॅम चालवला तर ए९० च्या ओळीवर ड्रिल आणि कास्टिंग दोन्ही लाल झाले, जी९९ च होतं ते. आता पोस्टमधेच प्रत्येक ए च्या आधी जी९१ जी२८ झेड०. टाकून घेतोय.

एकच शंका राहिली. पोर्टवरनं टूल चेंजला जाताना स्क्रीनवर रॅपिड सरळ रेषेत जातोय आणि टेलस्टॉकच्या कोपऱ्याजवळनं निसटतोय. मशीन पण तसंच जाईल का?

प्रतिसाद :

नाही जाणार, हे बघितल्याशिवाय जॉब चालू करू नका. फानुकला पॅरामीटर १४०१ चा बिट १ बघा. ० असेल तर जी०० ला (रॅपिडला) प्रत्येक अ‍ॅक्सिस आपापल्या वेगानं निघतो, जवळचं अंतर असलेला आधी पोचून थांबतो, म्हणजे आधी तिरकं आणि मग एकाच अ‍ॅक्सिसवर सरळ. १ असेल तर सरळ रेषा. सिम्युलेशनमधे रॅपिडची तीच पद्धत लावा. बिट बदलू नका एवढ्यासाठी, जुने सगळे प्रोग्रॅम त्याच चालीवर बसलेत. त्यापेक्षा टेलस्टॉकच्या बाजूनं निघताना आधी झेड, मग एक्स-वाय वेगळ्या ओळीत द्या. ३४०१ चा बिट ० पण बघून घ्या, तो ० असेल तर दशांश टिंब नसलेलं एक्स१०० मशीन ०.१ मिमी धरतं आणि सिम्युलेशन १०० धरून बसलं तर दोन्हीचं जुळणारच नाही.

आणि पहिला जॉब लावताना ईएक्सटी ऑफसेटच्या (सगळ्या जॉब-शून्यांना एकदम सरकवणाऱ्या) झेडमधे १०० टाकून जॉबच्या वरनं हवेत एकदा चालवा, सिंगल ब्लॉक (एकेक ओळ) लावून, रॅपिड २५ टक्क्यांवर. दरवाजा बंद ठेवून. १०० चं परत ० केलं का ते सायकल स्टार्टच्या आधी दुसऱ्या माणसाकडनं बघून घ्या.