लाल डोळा: फॅमिली डॉक्टरने (जीपीने) बघावा की सरळ पुढे पाठवावा?

कोथरूडचा जीपी
2023 च्या जुलैत आळंदीत डोळ्यांची साथ आली, तेव्हापासून लाल डोळा दिसला की नेत्रतज्ज्ञाकडे ढकलायची सवय वाढली आहे. मला ती पटत नाही. नजर तपासायचा स्नेलेनचा तक्ता, पिनहोल (बारीक छिद्राची चकती), बरा टॉर्च, बुबुळावरची जखम हिरवी दाखवणाऱ्या फ्लोरेसिन रंगाच्या पट्ट्या आणि निळा फिल्टर एवढ्यावर बहुतेक लाल डोळ्यांचा उलगडा होतो. क्रम मात्र चुकवायचा नाही. कुठलाही ड्रॉप घालण्याआधी नजर बघायची, एकेका डोळ्याची, चष्मा असेल तर तो लावून. नजर नेहमीसारखी, चिपडं येतात, खुपतं पण ठणकत नाही, दोन्ही बाहुल्या सारख्या, लाली पापणीच्या आत जास्त आणि बुबुळाकडे येता येता कमी: डोळे आलेत. थंड शेक, वेगळा टॉवेल, दोन आठवडे धीर. यासाठी स्लिट लॅम्प, म्हणजे नेत्रतज्ज्ञाची डोळ्याची दुर्बीण, कशाला?

नेत्रतज्ज्ञ, डेक्कन
कागदावर छान आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा मीटर अंतर कुठून आणणार? नजर बघितलीच जात नाही, हे खरं दुखणं. शिवाय सुरुवातीचा आयरायटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज, टॉर्चने डोळे आल्यासारखाच दिसू शकतो. बुबुळामागच्या पाण्यातल्या पेशी स्लिट लॅम्पशिवाय दिसत नाहीत.

आणि ड्रॉप कोणता लिहिता? अँटिबायोटिक-स्टिरॉइडची जोडगोळी. दोन दिवसांत लाली ओसरते, पेशंट खूश. पण आत हर्पिस विषाणूची फांद्यांसारखी जखम असेल तर ती स्टिरॉइडने पसरून नकाशासारखी होते. बुरशीची असेल तर डोळाच जाऊ शकतो. हेच ड्रॉप महिनाभर चालू राहिले की काहींच्या डोळ्याचा दाब वाढतो, आणि तो दुखत नाही म्हणून कळतही नाही. केमिस्टकडून तीच बाटली पुन्हा पुन्हा नेली जाते, ते वेगळंच.

कोथरूडचा जीपी
स्टिरॉइडबद्दल शंभर टक्के मान्य. जीपीच्या ड्रॉवरमध्ये ते नकोतच. अंतराचं म्हणाल तर तीन मीटरवर आरसा लावला की सहा मीटर होतात. आयरायटिससाठी चांगल्या डोळ्यावर टॉर्च मारून बघा: दुसरा, लाल डोळा दुखला तर आत सूज असण्याची दाट शक्यता. बाहुली बारीक, वेडीवाकडी, लाली बुबुळाभोवती कड्यासारखी. असा पेशंट त्याच दिवशी तुमच्याकडे.

वेल्ह्याकडचा डॉक्टर
‘त्याच दिवशी’ म्हणणं पुण्यात सोपं आहे. इथून शहरात जायचं तर पेशंटचा अख्खा दिवस मोडतो, मजुरी बुडते. म्हणून काही गोष्टी जीपीनेच करायला हव्यात, त्यात मतभेद नको. डोळ्यात चुना गेला तर आधी धुवा, फोन नंतर. सलाइनची बाटली आणि सेट लावून किमान अर्धा तास. वरची पापणी उलटून चुन्याचे कण ओल्या कापसाने काढा, नाहीतर ते आत राहून जाळत राहतात. भाताचं पातं किंवा उसाचं पान लागून आलेल्या डोळ्याला पट्टी बांधू नका. फ्लोरेसिन घालून हिरवं दिसलं तर मॉक्सिफ्लॉक्सासिन हा अँटिबायोटिक ड्रॉप तासातासाला सुरू करून पाठवतो.

नेत्रतज्ज्ञ, डेक्कन
शेवटच्या वाक्याला माझा विरोध. बुबुळावर पांढरा डाग असेल तर आधी खरवडून नमुना घ्यावा लागतो. ड्रॉप पडले की कल्चरमध्ये, म्हणजे नमुना वाढवून बघताना, जंतू सापडण्याची शक्यता घटते. शेतातली इजा असेल तर बुरशीचा संशय धराच, आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन बुरशीवर चालत नाही.

वेल्ह्याकडचा डॉक्टर
दोन तासांत पोचणार असेल तर थांबतो. दुसऱ्या दिवशी पोचणार असेल तर रात्रभर काहीच न देता ठेवू?

नेत्रतज्ज्ञ, डेक्कन
दुसऱ्या दिवशीच पोचणार असेल तर द्या, हे मान्य. पण बधिर करणारा ड्रॉप तपासणीपुरताच. बाटली पेशंटच्या हातात कधीच नाही. दुखणं थांबतं म्हणून तो घालत बसतो आणि जखम भरत नाही.

हडपसरची जीपी
सगळे लाल डोळ्यावर भांडताय, पण चुकतो तो उलटी घेऊन येणारा. पन्नाशीपुढची बाई, अर्धं डोकं ठणकतंय, मळमळतंय. पित्त म्हणून पोट बघितलं जातं, डोळा कुणी बघत नाही. बुबुळ धुरकट, बाहुली मधल्या आकाराची आणि उजेडाला न हलणारी, बंद पापणीवरून दोन बोटांनी चाचपलं तर डोळा दुसऱ्यापेक्षा दगडासारखा. हा काचबिंदूचा झटका. पोटाच्या कळेवरची काही औषधं बाहुली मोठी करतात, म्हणजे पित्ताच्या नावाखाली आपणच भर घालू शकतो. सल्फाची अ‍ॅलर्जी आणि किडनीचा आजार विचारून डोळ्याचा दाब उतरवायला अ‍ॅसिटाझोलामाइड 500 मिलिग्रॅम, दमा नसेल तर टिमोलॉल, आणि लगेच रवाना.

नेत्रतज्ज्ञ, डेक्कन
हिच्याशी पूर्ण सहमत. फक्त चिठ्ठीत ‘लाल डोळा, पाहावे’ एवढंच लिहू नका. दोन्ही डोळ्यांची नजर, कधीपासून, कोणता ड्रॉप किती दिवस. बाटलीही सोबत पाठवा.

कोथरूडचा जीपी
पाठवू. तुम्हीही निदान लिहून उलट चिठ्ठी पाठवा, बऱ्याचदा ती येतच नाही.