शाळेत परकीय भाषा शिकवताय ना, मग मराठीतून शिकवा की

पाटीपेन्सिल:
मुलगी ७वीत, पुण्यात, इंग्रजी माध्यम. ६वीला संस्कृत की जर्मन असा पर्याय होता, तिने जर्मन घेतलं. परवा जेवणं झाल्यावर डेर-डी-दासचा, म्हणजे जर्मनमधल्या तो-ती-तेचा तक्ता पाठ करत बसलेली, अगदी रडकुंडीला आलेली. म्हणे बाबा, टेबल ही वस्तू आहे, ती पुल्लिंगी कशी असेल? म्हटलं अगं, आपण नाही का ते टेबल, ती खुर्ची, तो पलंग म्हणत? त्याला कुठे काय कारण असतं! जर्मनमध्ये टेबल 'तो' आणि पलंग 'ते', एवढंच. मग मेडशेन आलं, म्हणजे मुलगी, तर ते चक्क नपुंसकलिंगी. पण आपणही 'ते पोरगं' म्हणतोच की. पंधरा मिनिटांत तक्ता झाला. ज्या भाषेत वस्तूंना लिंगच नाही त्या इंग्रजीतून हे का शिकवतात, मला खरंच कळत नाही.

निळीशाई:
मी शाळेत जर्मन शिकवते, ११ वर्षं झाली. असहमत. माझ्या वर्गात ४५ मुलं, त्यातल्या निम्म्यांच्या घरी मराठी नाही, तमिळ मुलाला खुर्ची 'ती' का हेच आधी समजावावं लागेल. शिवाय लिंग ओळखायला जर्मनचे स्वतःचे नियम आहेत, शेवटी शेन आलं की नपुंसक, उंग आलं की स्त्रीलिंगी, ते शिकवले की मधे कुठली भाषा लागत नाही. जर्मन जर्मनमधूनच शिकवावं, पण आठवड्याला चार तासिकांत ते जमत नाही हे माझं खरं दुखणं आहे.

देवघर:
मुळात संस्कृत सोडायचंच कशाला? तीन लिंगं, विभक्त्या सगळं तिथे आहे, आधी ते पक्कं करा.

पाटीपेन्सिल:
@देवघर, संस्कृतबद्दल आदर आहेच. पण २०१४ ला केंद्रीय विद्यालयांत वर्षाच्या मधेच जर्मन काढून संस्कृत आणलं, तेव्हा त्या पोरांच्या सहामाहीचं काय झालं असेल? कुठलीही भाषा अशी मुलांवर लादू नये.

चाकणचा_दुभाषा:
मी जपानी-मराठी-इंग्रजी दुभाषाचं काम करतो, माझा अनुभव धागाकर्त्याच्या बाजूने. क्लासला इंग्रजीतून शिकत होतो तोवर वाक्य जुळायचंच नाही. 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु', मी भात खातो. क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि 'वा', 'ओ' हे आपल्या प्रत्ययांसारखे शब्दाच्या मागे लागतात. हे दिसलं त्या दिवसापासून मी मनात इंग्रजी करणं बंद केलं.

निळीशाई:
जपानीचं पटलं. जर्मनमध्ये मात्र मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं, तिथे मराठीच्या सवयीनेच मुलं चुकतात, हे मी रोज तपासते. आणि आमच्या पेपरात सूचना इंग्रजीत, भाषांतरंही इंग्रजीत. मी तासाला मराठीवर वेळ घातला तर मार्क मुलांचेच जाणार.

फाट्यावरची_शाळा:
जिल्हा परिषदेत शिक्षक आहे. तुमची सगळी चर्चा इंग्रजी माध्यमाचीच चाललीय म्हणून लिहितोय. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, कुशल कामगार पाठवायचे, त्यात जर्मन शिकवणंही आलं. जाणार कोण, तर नर्सिंग केलेल्या मुली, आयटीआय झालेली पोरं. माझा एक जुना विद्यार्थी वायरमनचं काम करतो, हाताला कसब आहे, जर्मनचं पुस्तक घेऊन माझ्याकडे आला. पहिल्याच पानावर समजावणं सगळं इंग्रजीत. आम्ही दोघं आधी इंग्रजी डिक्शनरी घेऊन बसलो, जर्मनपर्यंत पोचायलाच रात्र झाली. निळीशाई ताई, तुमच्या वर्गात इंग्रजी चालत असेल, माझ्या पोरांना तीच पहिली भिंत लागते.

निळीशाई:
सर, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. शहरातल्या वर्गाबद्दल माझं मत तेच आहे. पण तुमच्या विद्यार्थ्यासाठी पहिले दहा धडे मी मराठीत लिहून देते, त्याला विद्युतकामाचे कुठले शब्द आधी लागतील तेवढे कळवा.